रंभाबाईच्या झऱ्यावरचा घाव

या मित्रांनो, जवळ सरका. कीर्तनात मागं बसलं की अभंग ऐकू येतो, पण बुवांच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही. आणि माझी गोष्ट पाण्याचीच आहे.

मी एक जुना हातोडा आहे, दगड फोडायचा. पुण्यातल्या एका लोहारानं मला घडवलं आणि भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या वाल्मीकच्या हाती मी आलो.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या माघात त्याच्या वर्गाची सहल मुळशीच्या डोंगरावर गेली. वाट दाखवायला रंभाबाई होती. वर पठारावर तिचं एकटीचं घर. घराखालच्या झऱ्यापाशी सर थांबले. "हे डोंगर म्हणजे लाव्हाचे थर. एक निवला की त्यावर दुसरा. मधली ही लाल माती पाणी अडवते, म्हणून झरा इथं फुटतो."

"लाव्हा का काय ते मला न्हाई ठावं," रंभाबाई म्हणाली. "पर ह्या पाण्याला आमी लोखंड लावत न्हाई. करवंटीनंच भरायचं. तो हातोडा तितं खाली ठेव, बाबा."

"आजी, हातोडा काय चावतो होय?"

"चावला तर औषद तू देशील व्हय?"

सगळे हसले. वाल्मीकनं मला खाली ठेवलं.

मंडळी तिच्या ओसरीवर भाकरी खायला बसली, तेव्हा तो हळूच परत आला. झऱ्याच्या ओठावर, दगडाच्या पोकळीत, खडीसाखरेसारखे पांढरे स्फटिक चमकत होते. त्यानं मला उचललं. तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला खडकात चीर गेली. हात त्याचा, पण घाव माझा. आणि खोटं कशाला बोलू, तो आवाज मला फार गोड वाटला होता.

कॉलेजात त्या स्फटिकांचं कौतुक झालं. माझंही झालं.

चैत्रात वाल्मीक रंभाबाईला भेटायला गेला. मी पिशवीत होतो. झरा कोरडा होता. पाणी चिरेत शिरून खाली कुठं काट्याकुट्यांत जिरत होतं. खालच्या मुळशी धरणाकडून डोक्यावर हंडा घेऊन रंभाबाई चढत आली. वाल्मीकनं तिचे पाय धरले, सगळं सांगितलं.

 ती म्हणाली, "दगड तू नेलास, लेकरा. पाणी त्येच्या वाटंनं गेलं. आता हंडा तेवढा उतरव."

पुढच्या साली तिच्यानं ती चढण होईना. घर मोडून ती लेकीकडं मुठा गावाला गेली.

वाल्मीकनं मला पुन्हा हाती धरलं नाही. फळीवर पडून मी गंजलो. शेजारच्या देवळात कीर्तन चाले. एकदा बुवा म्हणाले, "झाकलेली चूक गंजासारखी आतून खाते, ती चारचौघांत बोलावी." म्हणून आज बोललो.

मित्रांनो, डोंगरावर जाल तेव्हा घाव घालण्याआधी तिथल्या माणसाचं ऐका. आणि कुठल्याही झऱ्याचं पाणी ओंजळीत घ्याल, तेव्हा पहिला घोट घेण्याआधी माझ्या रंभाबाईची आठवण करा.