भिंतीवरची शेवटची खुर्ची

मित्रांनो, या, बसा. 'बसा' म्हणण्याचा पहिला मान जगात कुणाचा असेल तर तो माझा, कारण मी एक जुनी, वेताने विणलेली खुर्ची आहे. मला पाठ आहे, हात आहेत, चार पाय आहेत. चालता मात्र येत नाही, म्हणून जे काही पाहिले ते एका जागी राहूनच पाहिले. पण देवाने एवढे दाखवले की चालणाऱ्यांनी हेवा करावा!

माझा सांगाडा एका सुताराने घडवला. त्याने माझ्या कडेला बारीक भोके पाडली आणि एका विणणाऱ्याने त्यांतून भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या ओवून बैठकीची जाळी विणली. मग मी एका घरात गेले. तिथे माझ्यावर बसून आजोबांनी वर्तमानपत्रे वाचली, आयांनी बाळे निजवली, मुलांनी पाठांतरे केली. सगळ्यांचा भार मी हसत सोसला. एके दिवशी मात्र घरातला एक बाप्या दिवा बदलायला बुटांसकट माझ्यावर उभा राहिला. कर्रर्र झाले, आणि त्याचा पाय माझ्या पोटातून थेट जमिनीला टेकला.

दिवा लागला, पण माझ्या नशिबी अंधार आला. त्याच बाप्याने मला खुर्च्या विणायच्या दुकानात आणून टाकले. "येतो परत," म्हणाला. तो अजून येतोच आहे.

ते दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. एका बाजूला पट्ट्या भिजवायचे टब, मधोमध उंच बाक, आणि समोरच्या भिंतीवर ओळीने लाकडी खुंट्या. दुरुस्तीला आलेली प्रत्येक खुर्ची खुंटीला टांगायची. पाळी आली की उतरवायची आणि बाकावर उलटी, पाय वर करून ठेवायची. जाळीच्या गाठी खालच्या अंगाला असतात ना! त्यामुळे त्या दुकानात आम्हा खुर्च्यांना सरळ असे कोणी फारसे पाहतच नसे.

विणणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांचे दोन नेम होते. एक म्हणजे, कुणी न नेलेली खुर्ची विकायची नाही. ती ठेव आहे, मालक येईपर्यंत सांभाळायची. दुसरा नेम मला फार आवडायचा. खुर्ची विणून झाली की ते नव्या जाळीवर तळहात टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "बसणाऱ्याला सुख लाभू दे." मगच खुर्ची दाराबाहेर जायची. टांगल्या टांगल्या मी ते शब्द इतके ऐकले की माझ्या सुकलेल्या लाकडातही ते मुरले.

पण काळ बदलला. लोक प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊ लागले. मोडली की टाकली, नवी आणली. भिंतीवरच्या खुंट्या एकेक करून मोकळ्या झाल्या. बाबांची सून त्यांच्या हाताखाली काम शिकत होती. तिला ते एक दिवस म्हणाले, "सूनबाई, आता ही एकच उरली. हिच्यावर हात बसव. भिंत रिकामी झाली की दुकानाला कुलूप."

"बाबा, माझ्या हाताला आत्ता कुठे वळण लागतंय," सूनबाई म्हणाली. "आणि आत्ताच कुलूप?"

"खुर्चीच नाही तर वळण कशाला लावतेस? माझ्या मिशांना?"

ती हसली नाही. तिने मला खुंटीवरून उतरवले, माझ्यावरची धूळ पुसली, जुनी फाटकी जाळी कापून काढली. कितीतरी दिवसांनी माणसाचा हात लागला, मित्रांनो! मी तेव्हाच मनात म्हटले, हिचे मी काहीतरी देणे लागते.

सूनबाई मला फारच सावकाश विणत होती. भिंत लवकर रिकामी होऊ नये, म्हणून. बाबांच्या ते लक्षात आले होते. "अगं, मुंगीने एव्हाना सोफा विणला असता," ते टोमणा मारत. पण घाई करत नसत.

त्याच दिवसांत तिने ब्लॉग लिहायला सुरुवात केली. बाकाच्या कोपऱ्यावर जुना लॅपटॉप ठेवायची आणि रोज थोडे लिहायची. आज पट्टी कशी भिजवली, आज तिसरा थर कसा घातला, कुठे चुकले. सोबत फोनने काढलेले माझे फोटो. शेजारी शिंपीकाका होते. ते चहा घ्यायला यायचे आणि डोकावायचे.

"काय हो, तुमची सून खुर्चीचं चरित्र लिहिते म्हणे?" ते बाबांना विचारायचे.

"लिहू दे," बाबा म्हणायचे. "वाचायला दोघंच आहेत. एक तिची बहीण आणि दुसरे रिकामटेकडे तुम्ही."

माझी जाळी पूर्ण झाली. एक ओळ किंचित तिरकी होती, पण बाबांनी हात टेकवून आशीर्वाद दिलाच. भिंत रिकामी झाली. "महिनाअखेर कुलूप," ते हळूच म्हणाले, आणि टब उपडा करून ठेवला.

उरलेले दिवस सूनबाई माझ्यावरच बसून लिहू लागली. तिने मला जरा सैलच विणले होते. बसून बसून माझी जाळी झोळीसारखी लोंबली. बाबांनी पाहिले, मला बाकावर उलटे ठेवले, किटलीतले कोमट पाणी जाळीवर सोडले आणि वाऱ्याला वाळू दिले. दुसऱ्या दिवशी माझी जाळी पुन्हा ताठ! वेत ओला झाला की फुगतो, वाळला की आवळतो.

सूनबाईने लगेच त्याचा फोटो काढला. अगदी जवळून, फक्त जाळी आणि पाण्याची धार. लिहिले, 'लोंबलेली खुर्ची टाकू नका. कोमट पाणी सोडा आणि वाळू द्या.' शेवटी बाबांचे वाक्य: 'बसणाऱ्याला सुख लाभू दे.'

आणि काय सांगू! हे लिखाण या घरातून त्या घरात गेले. दुकानाचा पत्ता विचारणारे निरोप येऊ लागले. सूनबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. बाबांनी उपडा टब सरळ करून ठेवला.

तेवढ्यात एक निरोप आला. गाणे शिकवणाऱ्या एका बाईंनी लिहिला होता. सूनबाईने तो वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"काय झालं गं?" बाबांनी विचारले.

ती वाचू लागली, "'तुमचं वाचून मी माझ्या आईच्या खुर्चीवर कोमट पाणी ओतलं. जाळी तशीच लोंबते आहे, आणि कडेचं पॉलिश पांढरं पडलंय. या खुर्चीत बसून आई मला स्वर लावायला शिकवायची. कळत नसेल तर लिहू नये.'"

सूनबाईने बाकाकडे पाहिले. तिथे मी होते, पुन्हा पाणी पाजायला पाय वर करून ठेवलेली. मग तिने फोटोकडे पाहिले, आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, फोटोत नुसती जाळी दिसतेय. खुर्ची उलटी आहे हे कुणाला कसं कळणार? आपल्याला उलटीचीच सवय! बाईंनी बसायच्या बाजूने पाणी ओतलं."

आता ऐका, मित्रांनो. वेताची वरची बाजू गुळगुळीत असते. ती पाणी पीत नाही. पाणी पिते ती खालची खरखरीत बाजू. बाईंचे पाणी जाळीत मुरलेच नाही. ते कडेला वाहिले आणि पॉलिश घेऊन गेले.

"पुसून टाक ते सगळं," चहाला आलेले शिंपीकाका म्हणाले. "कोण विचारतंय उद्या?"

सूनबाईचे बोट पुसायच्या बटणाकडे गेले. कुलूप टळत आले होते, आणि आता हे!

"थांब," बाबा म्हणाले. "इथलं पुसशील. बाईंच्या खुर्चीवरचा डाग कोण पुसणार?"

"मग काय करू?"

"चुकलेली पट्टी आपण झाकतो का?"

"नाही. ओढून काढतो, आणि पुन्हा घालतो."

"मग तेच. बाईंना लिही, खुर्ची घेऊन या म्हणावं. आणि त्या तुझ्या वाचणाऱ्यांनाही खरं काय ते सांग. पण या वेळी फोटो अख्ख्या खुर्चीचा हवा."

असा माझा दुसरा फोटो निघाला. चारही पाय आकाशाकडे, आणि पोटावर किटली धरलेला बाबांचा हात. फोटोत नुसता हातच येणार होता, तरी बाबांनी आधी केस विंचरले. सूनबाईने खाली स्पष्ट लिहिले: माझी चूक झाली, कशी झाली, आणि ज्यांची खुर्ची त्यामुळे बिघडली त्यांनी इथे आणावी, आम्ही नीट करून देऊ.

बाई आल्या त्या ओठ घट्ट मिटून. बाबांनी त्यांच्या आईची खुर्ची दोन्ही हातांनी, आजारी माणसाला उचलावे तशी उचलली आणि उलटी केली. खालून पाणी सूनबाईने दिले. जाळी ताठ झाल्यावर तिनेच डाग घासून काढले, नवे पॉलिश चढवले. मग बाबा हात टेकवणार, तोच मागे सरले.

"आज तू टेकव," ते म्हणाले.

सूनबाईने तळहात ठेवला, डोळे मिटले आणि ते वाक्य म्हटले. बाई जपून बसल्या, पाठ सरळ केली, आणि आपसूक त्यांच्या गळ्यातून एक स्वर निघाला. लांब, स्थिर, देवापाशी जाणारा. शिंपीकाकांचा चहा हातातच निवला.

"पोरी," बाई उठताना म्हणाल्या, "तुझं पाणी चुकलं, पण तू चुकली नाहीस. माझ्या मुलांच्या घरी पुष्कळ खुर्च्या लोंबतात. पाठवते." मुले म्हणजे त्यांच्याकडे गाणे शिकणारे विद्यार्थी.

त्यांनी खरोखरच पाठवल्या. ते प्रांजळ लिखाण वाचूनही माणसे आली. जो चूक लपवत नाही त्याच्याकडे आपली वस्तू सोपवावी, असे त्यांना वाटले. महिनाअखेर आली, पण कुलूप कोणी शोधलेही नाही. खुंट्या एकेक करून भरल्या. शेवटी माझीच खुंटी तेवढी मोकळी राहिली. एका सकाळी एक डुलणारी खुर्ची आली आणि बाबांनी ती माझ्या खुंटीला टांगली.

"आणि हिला कुठे ठेवू?" माझ्याकडे बोट दाखवून सूनबाईने विचारले.

"हिला आता भिंतीवर जागा नाही," बाबा म्हणाले. "तू बस तिच्यावर. लिही."

मित्रांनो, आम्हाला टाकू नका. आमच्यावर बसा, पण बुटांनी उभे राहू नका. फार कोरडे पडू देऊ नका, आणि पाणी द्याल ते आमच्या पोटाकडून द्या. आणि मला इथे विसरून गेलेला तो बाप्या तुम्हाला कुठे भेटला, तर त्याला रागावू नका. तो विसरला म्हणून मी या हातांत आले. त्याची ठेव नीट आहे म्हणावे. आणि जिथे कुठे तो बसला असेल, तिथे त्या बसणाऱ्याला सुख लाभू दे.