साडेतीन आटे

"साडेतीन आटे. निदान सात तरी हवेत. तुम्हीच मोजा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी नट उलटा फिरवून पुन्हा काढला. तीस वर्षं चाकं बसवत आलेल्या या फिटरला सगळी गिऱ्हाइकं मास्तरच म्हणत.

जावयाने मोबाइलवरून नजर उचलली नाही. गाडीला त्याने हौसेने रुंद चाकं घातली होती, ती आतून शॉकॲब्सॉर्बरला घासत होती. चाक बाहेर सरकवायला मध्ये चकती, म्हणजे स्पेसर टाकायचा, हा उपाय त्याने शोधून काढला होता. उपाय चुकीचा नव्हता. चकती चुकीची होती. जाड, आणि मधलं भोक चाक ज्यावर बसतं त्या हबापेक्षा मोठं. ती चढवली की स्टड, म्हणजे नट चढतो तो आट्यांचा दांडा, बाहेर उरायचा तो एवढासाच.

"लांब स्टड आणा, हबावर नेमकी बसणारी चकती आणा. मी स्वतः बसवून देतो. पण हे नाही."

"मामा, व्हिडिओत दहा मिनिटांत बसवतात. तुम्ही फार कीस पाडता."

त्याच दिवशी त्याने मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात चकत्या बसवून घेतल्या.

बुधवारी दुपारी लेक तीच गाडी घेऊन आली. मागे तीन वर्षांची नात, तिच्या छोट्या सुट्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेली.

"बाबा, साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं. हे म्हणतात, रुंद टायरला एवढं चालायचंच."

दोघींना उतरवून मास्तरांनी गाडी जॅकवर घेतली. पुढच्या चाकाचे दोन नट नुसत्या बोटांनी फिरले. तिसरा तर तुटक्या स्टडसकट हातात आला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चाकच उतरवून ठेवलं.

फोन करताच जावई तणतणत आला, सोबत त्या दुकानाचा माणूस. त्याने स्टड पाहिला आणि खांदे उडवले.

"पाचातला एक गेला. चार आहेत की अजून!"

"माझ्या लेकीचा एक हात मोडला, तर दुसरा आहे की, असं म्हणशील?" मास्तरांचा आवाज चढला.

"मामा, मला न विचारता माझ्या गाडीला हात कसा लावलात?"

"गाडी तुमची. आत बसवता ती माझी माणसं आहेत."

"चाक लावून द्या."

"मी लावणार नाही."

मग त्या दुकानाच्या माणसानेच, मास्तरांच्या आवारात, मास्तरांच्या जॅकपाशी बसून चाक पुन्हा चढवलं. या फरशीवर असलं काम कधी झालं नव्हतं. मास्तर भिंतीला पाठ लावून बघत राहिले. दुसऱ्याच्या गाडीवर त्यांचा हक्क तो काय?

"चल, बस," जावई लेकीला म्हणाला.

लेकीने मागचं दार उघडलं, पट्टे सोडवले आणि नातीची सीट बाहेर ओढली.

"तुम्ही व्हा पुढे. आम्ही चालत येतो."

मास्तरांनी भर दुपारी शटर ओढलं आणि सीट खांद्यावर घेतली. मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी निघाल्याचा काही आला नाही. कुणी वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या चौकात नात अडून बसली, पाय दुखतात म्हणून. मास्तरांनी सीट फुटपाथवर ठेवली. ती चढून ऐटीत बसली, आणि येणारीजाणारी माणसं तिघांना वळसा घालून जात राहिली.