होडीतून कोणी उतरायचं?

प्रश्नमास्तरांचं पुस्तक लिहून झालं होतं, पण प्रकाशक अडून बसला होता. "आधी लोकांना वाचायला द्या. वादाच्या पुस्तकावर कोणी वादच घातला नाही, तर विकणार काय, कागद?"

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, एकटे. पुस्तकाचं नाव 'उगीचच वाद'. चाळणीला भोकं असतात की भोकांना चाळणी? दुसऱ्याची जांभई लागली तर रजा मिळावी का? शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पानं उलटली आणि "छान आहे" म्हणून परत केली. त्या 'छान'ची मास्तरांना शिसारी आली.

शेवटी धाकट्या बहिणीला दया आली. इस्पितळांच्या चादरी आणि गणवेश धुणाऱ्या लाँड्रीत ती इस्त्रीला होती. "जेवणाच्या सुट्टीत ये, दादा. आमच्या बायका कशावरही भांडतात."

टेबलाभोवती बहिणीसकट सहा जणी बसल्या होत्या. चाळणीवर त्या नुसत्या हसल्या. मग मास्तरांनी पुढचं पान काढलं. "होडीत तुम्ही सहा जणी. होडी पेलणार पाचच. कोणी उतरायचं?"

"मला पोहता येत नाही, मी नाही उतरणार!"

"तू उतरलीस तर आणखी दोघी बसतील गं!"

हसून हसून डबे कलंडले. शब्दाला शब्द लागत गेला. मग सगळ्यांत म्हातारी बटणमावशी, गणवेशांना बटणं लावणारी, हात वर करून म्हणाली, "भांडू नका, मी उतरते. सुई ओवायला दुसरीला हाक मारावी लागते, मला कुठला दिसतोय किनारा?"

"मावशी उतरली!" टाळ्या पडल्या. बहिणीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. दारात चहा पीत उभा असलेला सुपरवायझरही हसला. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'सहाही बोलल्या.' त्या दिवशी ते चालत घरी गेले, कितीतरी महिन्यांनी शीळ घालत.

पंधरवड्याने बहीण आली ती उंबऱ्यातच थांबली.

"मावशीला काढलं. एकीला कमी करायचं होतं. सुपरवायझर म्हणाला, तुम्हीच तर ठरवलंत, मावशी स्वतःच बोलल्या."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बोलले असते तर मी उतरले असते, दादा. पुन्हा तिकडे फिरकू नकोस."

तरी मास्तर गेले. "अहो, तो खेळ होता," त्यांनी सुपरवायझरला सांगितलं.

"मला का कळत नाही? पण तुमच्यामुळे रडारड वाचली बघा."

मास्तरांनी प्रकाशकाला तो प्रश्न काढून टाकायला सांगितलं. प्रकाशकाने हातच जोडले. "तुम्हीच तर सांगितलंत, तोच एक चालला, मास्तर! पहिल्या पानावर घेतो." मास्तर एकदा ठामपणे नाही म्हणाले, एकदा हळू. मग त्यांनी करारावर सही केली.

मावशी भाचीकडे एका खोलीत राहायची. तिने दार उघडलं आणि मास्तरांना लगेच ओळखलं. त्यांनी माफी मागितली, तीही अडखळत.

"तुमचं काय चुकलं?" ती म्हणाली. "डोळे माझे इतकेही गेलेले नाहीत. गंमत केली मी. वाटलं, मी असं म्हटलं की कोणीतरी म्हणेल, छे, मावशी, तुम्ही नाही."

करारावर सही केल्याचं मास्तरांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

निघताना ती म्हणाली, "माझी कात्री खणात राहिलीय, छोटी, बिनधारेची. बहिणीला आणायला सांगा."

बहिणीने फोन उचलला तो तिसऱ्या खेपेला. "तो खण त्याच दिवशी रिकामा केला," ती म्हणाली. "कोणी केला ते विचारू नकोस."

मास्तर पुन्हा मावशीकडे गेले नाहीत.