बिट्टीचं कुंपण

२०२३ साली श्रावण दोनदा आला आणि पाऊस एकदाही धड आला नाही. त्यातल्या दुसऱ्या श्रावणात, एका सोमवारी दुपारी, अंजना कऱ्हाडजवळच्या मलकापुरात लीलाबाईंनी भाड्याने दिलेल्या खोल्यांसमोर उभी होती आणि फाटकाची कडी काढायला तिचा हात धजत नव्हता.

लीलाबाईंचा मुलगा धैर्यशील याने तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. रागाने नव्हे, चांगलं हसून. "अंजनाबाई, तुमी झाडंच अशी लावली की आता माळी लागत न्हाई. तुमचं कसबच तुमाला नडलं बघा."

खोटं नव्हतं ते. धैर्यशील फौजेतून निवृत्त होऊन आला, तेव्हा त्या अंगणाची दशा बघवत नव्हती. भाडेकरू म्हणजे आज आहे, उद्या नाही. जो तो म्हणे, झाडं मालकाची, पाणी आम्ही का घालायचं? झाडं वाळत, गवत माजे, गवतात साप निघे, आणि खोली बघायला आलेलं माणूस अंगण बघूनच मागे फिरे. धैर्यशील म्हणाला होता, झाडं अशी लावा की भाडेकरू बदलला तरी झाडाला कळू नये.

अंजनाने गवत उपसलं. जुनी पोती अंथरून वर खडी पसरली, म्हणजे तण वर येऊ नये. कोपऱ्यात कोरफड लावली. कडेची जास्वंद आणि मेंदी मात्र गल्लीतल्या शेळ्यांनी बुडख्यापर्यंत खाल्ली. तेव्हा तिने माहेरचा उपाय केला. तिचं माहेर माणदेशातलं. पाण्याचा ठणठणाट आणि दारोदार शेळ्यामेंढ्या, म्हणून तिकडे परड्याला पिवळी कण्हेर लावतात. तिला सगळे बिट्टी म्हणतात. बिट्टी पाणी मागत नाही, शेळी तिला तोंड लावत नाही, आणि तिची पिवळी फुलं महादेवाला चालतात. लीलाबाईंना फुलांचंच अप्रूप. बघता बघता हिरवंगार कुंपण उभं राहिलं, आणि आजूबाजूच्या घरमालकांनीही अंजनाकडून तशीच कुंपणं लावून घेतली.

शेळी तोंड का लावत नाही, हे अंजनाला ठाऊक होतं. ती परकरात होती तेव्हापासून ठाऊक होतं. तिच्या धाकट्या चुलतीला एका सकाळी ओसरीवर निजवलं होतं आणि आई मागच्या दारी पाट्याजवळची बिट्टीची फुटकी टरफलं मुकाट्याने झाडत होती. काय झालं, हे त्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. चुलतीचं नावही कोणी घेतलं नाही. 'ती गेली' एवढंच.

म्हणून कुंपण लावताना अंजना लीलाबाईंना फक्त म्हणाली होती, "काकी, खाली पडल्याली फळं मी येचून नेत जाईन."

"कशाला गं?"

"कचरा हुतोय."

एवढ्यावरच तेव्हा ते राहिलं. पुढे धैर्यशीलने नको म्हटल्यावरही ती दर सोमवारी येई. लीलाबाईंना देवाला फुलं देते, हे निमित्त. फुलं परडीत टाकायची आणि फळं पदरात. रात्री अंथरुणावर पडलं की तिच्या डोळ्यांपुढे ती खडी येई आणि खडीवर हिरवी फळं. कारण मधल्या खोलीत आता मतीनचं बिऱ्हाड आलं होतं. मतीन फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला, बायकोही दिवसभर कामावर, घरात त्याची आई हाजराबी आणि चार वर्षांची मदिहा. मदिहा दिवसभर अंगणात.

आणि नेमकं त्याच महिन्यात आष्ट्याला लेकीचं, अंकिताचं, दुसरं बाळंतपण निघालं. अंजना दोन सोमवार येऊ शकली नाही.

शेवटी तिने कडी काढली. खडीवर फळं पडली होतीच. ती वाकून भराभरा वेचू लागली. वेचत वेचत धुण्याच्या दगडापाशी आली आणि तिथेच थिजली. दगडावर कोणीतरी फळं ठेचली होती. पोरं ठेचतातच. आतली तिकोनी बी, तिलाही बिट्टीच म्हणतात, काढून तिच्याशी खेळतात, अंजनाही खेळली होती. पण इथे बिट्ट्याही फुटल्या होत्या. टरफलं तेवढी होती. आतला पांढरा गर नव्हता.

अंगण रिकामं होतं. इतक्या वेळात मदिहाचा आवाज आला नव्हता.

हाजराबी दारातच पेल्यात साखरमिठाचं पाणी ढवळत बसली होती. पोरगी सकाळपासून ओकतेय, तिने सांगितलं. काल कुणाकडे बारशाचं जेवून आली, ते बाधलं असेल. आता जरा डोळा लागलाय. अंजनाने आत डोकावलं. पोर निजली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडली होती, ओठ चाटत होती. "दादी, तोंडाला मुंग्या आल्यात," असं बारीक आवाजात म्हणाली.

अंजनाच्या पदरात फळं होती. फाटकाबाहेर गटार होतं. फळं त्यात टाकावीत, दगड धुवावा आणि आपल्या वाटेने जावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. ही झाडं आपण लावली. आज बोललं तर उद्या गावात एक अंगण आपल्या हाती राहणार नाही. आणि पोरीला काही झालं, तर... पुढचं तिला मनातही म्हणवेना. आईचा केरसुणीवरचा हात तिला दिसला. किती सावकाश झाडत होती ती.

"चाची," ती म्हणाली, "पोरीनं बिट्टी खाल्लीया."

"बिट्टी? खेळायची असती गं ती."

"खायची न्हाई. विष असतंय त्यात."

हाजराबीच्या हातातला चमचा थांबला. "तुला काय म्हाईत?"

"माझी चुलती त्यानंच गेली." जन्मात पहिल्यांदा तिने ते उच्चारलं. "उठा चाची. पाणी ऱ्हाऊ द्या."

रिक्षात मदिहा हाजराबीच्या मांडीवर होती आणि अंजना तिचा तळवा चोळत होती. कऱ्हाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? अंजनाने पदर सोडून फळं टेबलावर ठेवली. बाईंनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं आणि नर्सला हाक मारली. पोरीला आत नेलं. काचेच्या दारातून छातीला लावलेल्या तारा दिसत होत्या. ठोके फार सावकाश पडताहेत, असं कोणीतरी म्हणालं.

मतीन आणि त्याची बायको कामावरून तसेच धावत आले. मतीनच्या हाताला वेल्डिंगची काजळी होती. आईचं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "कुणी लावली ती झाडं?"

"मी," अंजना म्हणाली.

तो काचेच्या दाराकडे वळला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी धैर्यशील लीलाबाईंना घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. "आवं, एवढं ठाऊक हुतं तर सांगायचं न्हाई व्हय?" तो म्हणाला. बाकावरून हाजराबीच बोलली, "सांगितलं तिनं. लय उशिरा सांगितलं. पण तिनंच सांगितलं."

लीलाबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. सकाळी त्याच हातांनी त्यांनी पिंडीवर बिट्टीची फुलं वाहिली होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मदिहाने डोळे नीट उघडले आणि पहिलं विचारलं ते, तिच्या बिट्ट्या कुणी घेतल्या. हाजराबीने तिच्या पाठीत हलकी चापट मारली आणि मग पदराने तोंड झाकून रडली.

धैर्यशीलने ते कुंपण मुळासकट काढलं आणि अंगणभर सिमेंटचे ब्लॉक बसवले. आता तिथे काहीच उगवत नाही. पुढच्या वर्षी लीलाबाई गेल्या. शेवटचे सोमवार त्यांनी महादेवाला नुसता बेल वाहिला, पिवळं फूल पुन्हा हातात धरलं नाही. मतीनला सांगलीत काम मिळालं. मदिहा तिथे शाळेत जाते, चांगली धडधाकट आहे. हाजराबीने सांगलीच्या घरात तुळशीएवढंही झाड ठेवू दिलेलं नाही.

अंजनाची मलकापुरातली अंगणं एकामागून एक गेली. विषाची झाडं लावणारी, हे नाव तिला चिकटलं. जिथे कुंपणं लावली होती, त्या प्रत्येक दारी ती स्वतः जाऊन सांगून आली. काहींनी झाडं काढली, काहींनी तिच्या तोंडावर दार लावलं. आता ती आष्ट्याला अंकिताकडे असते. सांगली रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात तिथेही बिट्टीच लावली आहे, कारण तिला पाणी लागत नाही. थोरल्या नातीचं बोट धरून बाजारातून येताना अंजना तिथे थांबते, गाड्या बघून वाकते आणि पडलेली फळं पदरात घेते.

"आज्जे, कशाला येचतीस?" परवा नातीने विचारलं.

"विष हाय त्यात," अंजना म्हणाली. मग पदराला गाठ मारून, चालता चालता, तिने तिला शेवंता नावाच्या आपल्या चुलतीची गोष्ट सांगायला सुरुवात केली.