प्रधानांची निळी बादली

पद्मजा राणेने आपल्या समुद्रफुलाला सासूबाईंचं नाव दिलं होतं, आणि त्यात खोडसाळपणाच जास्त होता. टाकीतल्या ज्या दगडावर हे फूल एकदा बसलं, तिथून ते सोळा वर्षांत हललं नाही. कुणी दगड जरा सरकवला की चार दिवस तोंड मिटून बसायचं. जवळ येईल त्याला डंख मारायचं. म्हणून रमाबाई. नावाला फूल, पण खरं तर तोंड आणि पोट असलेला जीव. तांबडंलाल अंग, टोकांना हिरवट बोंडं, दर रविवारी चिमट्यातून कोळंबीचा तुकडा. नवरा गेला, परळच्या हॉस्पिटलातली लॅबची नोकरी संपली, त्यानंतर घरात पद्मजाची वाट बघणारं एवढंच कुणी उरलं होतं.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हेमचंद्र प्रधान राहायचे. बँकेतून निवृत्त, नीटनेटके, इस्त्रीच्या कपड्यात मासे बघत बसणारे. त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी पद्मजाच्या दुप्पट मोठी. त्यांच्याकडे सगळं होतं, रमाबाई नव्हती, आणि ते त्यांना सलत होतं.

"ताई, एक तुकडा द्या की कापून. यूट्यूबवर लोक सर्रास कापतात."

"ती काय कोबी आहे, प्रधानसाहेब? कधीतरी स्वतःहून दोन झाली, तर पहिली वाटणी तुमची. शब्द देते."

अशी फुलं आपणहून दोन होतात कधी कधी. पण त्याला धीर लागतो, आणि प्रधानांकडे टापटीप होती, धीर नव्हता.

गणपतीला पद्मजा देवगडला गेली, सात दिवस. घराची किल्ली नेहमीप्रमाणे प्रधानांकडे. आटलेल्या पाण्याइतकं गोडं पाणी रोज टाकीत घाला, एवढंच काम. गौरी-गणपती बोळवून ती परत आली आणि दार उघडताच वासाने मागे सरली. टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. मासे उताणे. रमाबाईच्या दगडावर पांढरट लगदा.

"लाइट गेली होती ताई, चांगले पाच-सहा तास, पंप बंद," प्रधान मान हलवत म्हणाले. "फार वाईट झालं." स्वतःची निळी बादली घेऊन ते मदतीला आले, नासलेलं पाणी उपसू लागले. साळसूदपणाची हद्द होती!

लगदा काढताना पद्मजाचा हात थांबला. एका बाजूची कड अजून शाबूत होती आणि ती सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी. आयुष्यभर लॅबमध्ये ब्लेडने कापलेले नमुने बघितलेल्या बाईला कुजणं कुठलं आणि कापणं कुठलं हे कुणी शिकवायला नको होतं. तिने पुरे म्हणून प्रधानांना घरी पाठवलं. बादली तिच्याकडेच राहिली.

दिवाळीत फराळाचं ताट द्यायला ती तिसऱ्या मजल्यावर गेली. प्रधानांच्या पत्नी, सुमेधावहिनी, चहा टाकायला आत वळल्या, तेवढ्यात पद्मजा टाकीच्या मागच्या बाजूला गेली. कोपऱ्यात, मोठ्या दगडाच्या आडोशाला तांबडं अंग, हिरवट बोंडं. निम्मीच, पण जखम भरून गोल व्हायला लागलेली. पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. निम्मी चोरून आणली, उरलेली तशीच सडत टाकली, आणि वर बादली घेऊन मदतीला आला! तिने चहा घेतला. चकल्या छान झाल्यात म्हणाली. जिना उतरताना तिचं ठरलं होतं. मागायची नाही. या माणसाने स्वतःच्या हाताने रमाबाई आणून दिली पाहिजे.

तिच्या उजाड टाकीत, तळाशी उरलेल्या पाण्यात, एकच गोष्ट तगली होती. एप्टेशिया. हेही समुद्रफूलच, पण नखाएवढं, तपकिरी, हौशी लोकांच्या टाकीतलं गाजरगवत. त्याच्या पोटात सुईने लिंबाचा रस सोडला तर मरतं. खरवडलं, तर जेवढे कण सुटतील तेवढी नवी उगवतात. पद्मजाने बाकीची सगळी मारली आणि एक ठेवलं, जांभळा थर चढलेल्या देखण्या दगडाच्या फटीत.

दुसऱ्याच दिवशी तिने बादली परत केली. शेजारच्यांचं भांडं रिकामं द्यायचं नाही, ही तिच्या आईची शिस्त. बादलीत खारं पाणी होतं आणि तो दगड होता.

"अहो, हा तर खजिना!" प्रधान हरखले. "असा दगड हल्ली मिळतो कुठे?"

"माझी टाकी तर संपली. तुमच्याकडे शोभेल."

त्या टापटिपीच्या माणसाला फटीतलं तपकिरी ठिगळ दिसणार आणि तो ब्लेड घेणार, यावर ती पैज लावायला तयार होती. आठवड्याने जिन्यात भेटले तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "एक घाण होती दगडावर, खरवडून टाकली." पद्मजा गोड हसली. त्या रात्री तिला दोन महिन्यांत पहिल्यांदा छान झोप लागली.

मग तिने आपली टाकी पुन्हा भरली. नुसतं पाणी, दगड, दिवा. कुणाच्या तरी स्वागताला.

होळीच्या सुमारास प्रधान दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. हातात तीच निळी बादली.

"सगळीकडे झालंय ते, ताई. जितकं खरवडतो तितकं वाढतं. त्याच्या डंखाने पोवळी गेली. पूर्ण टाकी रिकामी करावी लागणार. तोवर हे... हे एक फूल आहे माझ्याकडे, तेवढं सांभाळाल?"

बादलीत दगडासकट रमाबाई होती.

"जखम छान भरलीय हिची," पद्मजा म्हणाली. "ब्लेड नवं होतं वाटतं."

प्रधानांचा चेहरा उतरला.

"आणि त्या दगडावरच्याला ब्लेड लावायचं नसतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण तुम्ही विचारून कधी कापता?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम... माझी आठ वर्षांची टाकी, ताई!"

"माझी सोळा वर्षांची रमाबाई," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

केवढं गार वाटलं तिला! रमाबाईला दगडासकट टाकीत ठेवलं. फूल अपेक्षेप्रमाणे तोंड मिटून बसलं. चौथ्या दिवशी सकाळी ते उमललं, पद्मजाने चिमट्यात कोळंबी धरली आणि वाकून बघितलं. रमाबाईच्या पायाला अगदी खेटून दोन तपकिरी देठ डोलत होते. आणि त्यामागे तिसरा.

ती खुर्चीत बसली. हे तिचंच होतं, तिनेच राखून ठेवलेलं, तिनेच बादलीत घालून दिलेलं. लिंबाच्या रसाचा एक थेंब इकडचा तिकडे झाला तर रमाबाई जळणार. तान्ह्या बाळांची शीर पहिल्या टोचणीत शोधणाऱ्या हाताने तिने सिरिंज भरली. एक मेलं. दुसरं सुई पाहून आत ओढलं गेलं. आता हे रोजचं.

दुपारी तिने निळी बादली घासली. सवयीने फळीवरचा लाडवांचा डबा काढला, उघडला, आणि पुन्हा झाकण लावून ठेवून दिला. तिसऱ्या मजल्यावर जाऊन तिने बादली प्रधानांच्या दाराशी ठेवली आणि बेल न वाजवता खाली आली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाचं भांडं रिकामं परत केलं होतं.