बोटभर खाली

सकाळी साडेनऊला फूटपट्टीने खुर्ची उलटी केली आणि पुन्हा पुन्हा मोजून पाहिली.

फूटपट्टी हे तिचं कारखान्यातलं नाव. दिसेल ते मोजायची खोड, दुसरं काय! आज मात्र तिच्यासमोर मालकांच्या केबिनमधून खाली आणलेली पहिलीवहिली आरामखुर्ची होती. साठ वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी ती स्वतः घडवली आणि तिच्यावरच हा कारखाना उभा राहिला. हुबेहूब तशाच नव्या खुर्च्या काढण्यासाठी अकरा वाजता तिचे लोखंडी साचे ओतायला घेणार होते, आणि खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा बोटभर खाली होता!

"बसून बसून खचलाय," फोरमन म्हणाले. "नकाशात दोन्ही सारखे आहेत. आपण कायम सारखेच करत आलोय. उगाच फाटे फोडू नकोस, बाई."

"खचला असता तर सांधा उघडला असता, साहेब! हा बघा, केससुद्धा आत जात नाही. भोकच खाली पाडलंय. मुद्दाम!"

एकदा लोखंड ओतलं की पुढच्या सगळ्या खुर्च्या चुकीच्याच निघणार. तिला धीर निघेना. मालक आले, वाकून बघून चक्रावले. "आता बाबांना कुठून विचारू?"

"आईंना विचारा ना!" फूटपट्टी म्हणाली.

पावणेअकराला मालकांच्या आई आल्या. खुर्ची सरळ करायला लावून त्या आत टेकल्या. उजवा हात लाकडावर विसावला. डाव्या हाताचं कोपर टेकलं आणि तळवा आपोआप छातीपाशी वळला.

"माझ्यासाठी केली होती ह्यांनी," त्या म्हणाल्या. "नकाशा मागाहून काढला, दुकानदारांना दाखवायला. हा कार्टा खाली ठेवला की भोकाड पसरायचा. डाव्या हातावर घेऊन घेऊन माझा खांदा भरून यायचा. मग ह्यांनी मला बाळासकट बसवलं, आणि कोपर जिथे आलं तिथे पेन्सिलीने खूण केली."

साठीच्या कार्ट्याने डोळे पुसत ओतकामवाल्याला फोन लावला. "थांबा, साचा..." म्हणत त्यांनी फोन पुढे केला.

फूटपट्टीने फोन घेतला. "डावा हात बोटभर खाली घ्या. नाही हो, चूक नाही. तिथे बाळ असतं!"