किनाऱ्यापर्यंत न पोहोचलेली गाडी

मित्रांनो, जिन्याखालच्या कोपऱ्यात, मांडीवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन बसलेली एक धुळकट गाडी तुम्ही येता-जाता पाहिली असेल. ती मी. मला चार लहान चाके आहेत, पुढे तारेची टोपली आहे आणि बसायला दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची आहे. ज्यांच्या पायांनी काम सोडले, त्यांना घराबाहेर काढण्यासाठी माझा जन्म झाला. कुणी मला स्कूटर म्हणायचे, कुणी गाडी. हल्ली कुणी काहीच म्हणत नाही.

मला जोडले एका मोठ्या कारखान्यात. माझ्या हँडलवर वेगाची एक गोल कळ आहे. तिच्या एका टोकाला कासवाचे चित्र आहे, दुसऱ्या टोकाला सशाचे. कळ कासवाकडे फिरवली की मी हळू चालते, सशाकडे फिरवली की जोरात. जोरात म्हणजे तरी किती? घाईतला माणूस मला सहज मागे टाकेल. पण मला त्याची कधी लाज वाटली नाही.

कारखान्यातून मी आले ती थेट माईकडे. तिची लेक आणि बहीण सोडून सगळे तिला माईच म्हणत. माईने उभी हयात टेलिफोन केंद्रात काढली होती. डोक्याला ती हेडफोनची पट्टी लावायची आणि अनोळखी माणसांच्या तारा एकमेकांना जोडून द्यायची. बोलायला अशी गोड, की रागावून फोन करणारा माणूसही शेवटी तिची चौकशी करून फोन ठेवायचा. पुढे कण्याचा आजार झाला आणि पायांतली ताकद गेली. भिंतीला धरून ती न्हाणीघरापर्यंत जायची, तेवढीच तिची वाटचाल उरली.

मला पाहून ती आधी नाराज झाली. ‘मला आता खेळण्यात बसवणार का?’ असे लेकीला म्हणाली. पहिले काही दिवस कळ कासवावरच होती. मग एके दिवशी रस्ता मोकळा पाहून तिने ती सशाकडे फिरवली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापुढून आम्ही अशा गेलो, की दुकानदार बाहेर येऊन पाहत राहिला. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. भाजी, बँक, वाचनालय, सगळीकडे आम्ही दोघीच. लोक म्हणायचे, ‘माई, गाडी झकास आहे हं.’ ती म्हणायची, ‘गाडी नाही, माझे पाय आहेत ते.’ यापेक्षा मोठी शाबासकी मला आयुष्यात मिळाली नाही.

माईला एक धाकटी बहीण होती. सत्तरी गाठली तरी माई तिला चिमणीच म्हणायची. चिमणी लग्न होऊन समुद्रापलीकडच्या एका बंदराच्या गावी गेली होती. रोज सकाळी दोघींचा फोन व्हायचा. भेटीचे मात्र दरवर्षी पुढे ढकलले जायचे. कधी मुलांच्या परीक्षा, कधी कुणाचे आजारपण, कधी नुसताच आळस. ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणता म्हणता चिमणीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. दिवसाआड रुग्णालयात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे, म्हणून तिला प्रवास बंद. माईच्या हृदयामुळे डॉक्टरांनी तिला विमान बंद केले होते. दोघी दोन काठांवर अडकल्या.

मग लेकीला एका क्रूझची जाहिरात दिसली. ते जहाज वाटेत नेमके चिमणीच्या गावी थांबणार होते. सकाळी धक्क्याला लागायचे आणि दुपारी सुटायचे. लेकीने रजा काढली. माईने मला ओल्या फडक्याने स्वतः पुसले आणि फोनवर बहिणीला सांगितले, ‘धक्क्यावर ये. मी माझ्या गाडीवर बसून थेट तुझ्यापुढे येऊन उभी राहते की नाही बघ.’

मित्रांनो, जहाजावरचे पहिले दिवस सुखाचे होते, असे मला सांगता आले असते तर बरे झाले असते. पण रुंद दाराच्या खोल्या आधीच भरल्या होत्या. आम्हाला मिळालेल्या खोलीच्या दाराच्या चौकटीला माझे दोन्ही हात घासायचे. मला बाहेरच्या बोळात ठेवायची बंदी होती, कारण आग लागली तर वाट अडेल. म्हणून खोली आवरणाऱ्या माणसाने टेबल बाहेर काढले आणि मला पलंगाला खेटून उभे केले. लेक रोज माझ्या खुर्चीवर पाय देऊन पलंगावर चढायची. लिफ्ट आली की धडधाकट माणसे आधी आत शिरायची आणि दार मिटताना आमच्याकडे पाहून हसायची. जेवणाच्या दालनात वाढपी लेकीला विचारायचा, ‘आजींना गोड चालतं का?’ माई समोरच बसलेली असायची.

तरी माई कुरकुरली नाही. ‘मी इथं जेवायला आलेय का?’ म्हणायची. सकाळी वरच्या उघड्या डेकवर गर्दी नसायची. तिथे ती कळ सशाकडे फिरवायची आणि आम्ही वाऱ्यात जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचो. समुद्राकडे पाहून ती स्वतःशीच म्हणायची, ‘जवळ आली गं.’

चिमणीच्या गावाची सकाळ उजाडली. माईने पिवळी शाल घेतली, कारण लांबूनही ओळखू येईल असा रंग घाल, असे बहिणीने सांगितले होते. माझ्या टोपलीत तिच्यासाठी विणलेला स्वेटर होता. तेवढ्यात भोंग्यावरून कप्तानाचा आवाज आला. लाटांमुळे जहाज धक्क्याला लावता येत नव्हते. ते समुद्रातच नांगर टाकून थांबणार होते आणि उतारूंना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेणार होते.

आम्ही खाली गेलो. होड्यांच्या दारापाशी रांग लागली होती. तिथल्या अधिकाऱ्याने मला पाहताच मान हलवली. माझे वजन होडीत चढवणे शक्य नव्हते. माई म्हणाली, गाडी राहू दे, मी तशीच जाते, पलीकडे माझी माणसे आहेत. तेव्हा त्याने शेजारी ठेवलेल्या लाकडी पायऱ्या दाखवल्या. होडीत उतरताना चारदोन पायऱ्या लागत. या पायऱ्या ज्याला कुणाचाही आधार न घेता चढता-उतरता येतील, त्यालाच तो सोडत होता.

माई माझ्यावरून उठली. तिने कठडा धरला. एक पाय वर गेला. दुसरा पाय जमिनीवरच राहिला. तिने खाली पाहिले, जणू तो पाय कुणा दुसऱ्याचा होता आणि ती त्याला हाक मारत होती. पुन्हा प्रयत्न केला. रांगेतून कुणीतरी ‘बिचाऱ्या’ म्हणाले. ते ऐकून तिने ओठ घट्ट मिटले आणि तिसऱ्यांदा पाय उचलला. तो पायरीच्या कडेला आपटला. लेकीने तिला धरले नसते तर ती पडलीच असती.

अधिकारी लेकीकडे वळून म्हणाला, “आजींना नाही सोडता येणार.”

“माझ्याशी बोला,” माई म्हणाली. “मला उचलून ठेवा होडीत. मी काही काचेची नाही.”

तो खाली वाकला. जहाजावर पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या डोळ्यांसमोर डोळे आणून बोलले. “आजी, होडी हातभर वर-खाली होतेय. उचलणाऱ्याचा पाय घसरला तर दोघंही पाण्यात. नियम नसता तरी मी तुम्हाला सोडलं नसतं.”

तो वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर त्याच्यावर रागावता तरी आले असते. लेकीने विचारले, मावशीला इकडे आणता येईल का? बाहेरच्या माणसासाठी बरेच आधी परवानगी काढावी लागत होती. ते आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. आणि दुपारी चिमणीला रुग्णालयात जायचे होते.

माईने टोपलीतला स्वेटर काढून लेकीच्या हातात दिला. “तू जा. ती उभी असेल.”

“तुला एकटीला सोडून?”

“मी कुठं पळून जाणार आहे?”

लेक रडत होडीत बसली. माई माझ्यावर बसून वरच्या डेकवर आली. डेकचा कठडा उभ्या माणसांसाठी बांधलेला होता. खुर्चीतून तिला त्याच्या सळ्यांमधूनच पाहावे लागत होते. लांबवर किनारा होता आणि किनाऱ्यावर मुंग्यांएवढी माणसे.

फोन वाजला. किनाऱ्यावर पोहोचून लेकीने आपला फोन मावशीच्या हाती दिला होता.

“ताई, दिसलीस गं,” चिमणी म्हणाली. “पिवळं दिसतंय.”

माईने शाल काढून डोक्यावर धरून हलवली. “आता?”

“हो, हो. हलवतेयस. मी दिसते का तुला?”

माईचे डोळे किनाऱ्यावर या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर भिरभिरत होते. “दिसतेस की,” ती म्हणाली. “बारीक झालीस गं.”

मग रोज फोनवर तासभर बोलणाऱ्या त्या दोघी एकमेकींचा नुसता श्वास ऐकत राहिल्या. शेवटी चिमणीला रुग्णालयात न्यायला गाडी आली. माईने शाल खाली घेतली नाही. फोन बंद झाल्यावरही ती हलवत राहिली.

लेक परतली तेव्हा माईने तिला एकच विचारले. “तिथून मी खरंच दिसत होते का?”

लेकीने माझ्या हातावरून घसरलेली शाल नीट केली. “जहाज दिसत होतं, आई,” ती म्हणाली. “मावशीची नजर आता अधू झालीय. ती भलत्याच बाजूला हात हलवत होती.”

माईने मान डोलावली. परतीच्या प्रवासात ती डेकवर आली नाही.

पुढचा उन्हाळा यायच्या आत चिमणी गेली. रोजच्या वेळेला फोन वाजला, पण बोलणारा आवाज तिच्या मुलाचा होता. माईने त्याचे सगळे ऐकून घेतले, त्याची विचारपूस केली, त्याला धीर दिला. फोन ठेवला आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली.

त्यानंतर ती माझ्यावर बसली नाही. मला जिन्याखाली आणून ठेवले. बॅटऱ्या उतरल्या, चाकांतली हवा गेली. मांडीवर वर्तमानपत्रे आली. शेजारची मुले माझा कर्णा दाबून पाहायची. तो वाजेना, तेव्हा त्यांनीही मला सोडले.

परवा लेकीने माझी धूळ झाडली, नव्या बॅटऱ्या घातल्या, हवा भरली आणि माईला धरून लिफ्टने खाली आणले. औषधाच्या दुकानापर्यंत तरी चल, म्हणून ती गयावया करत होती. माईने माझ्या हँडलवर हात ठेवला. तो हात किती हलका झाला होता. तिने किल्ली फिरवली, माझा दिवा लागला. मला वाटले, आता बसेल.

“देऊन टाक हिला कुणाला तरी,” ती लेकीला म्हणाली. “जिला अजून कुठं जायचंय, तिला.”

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी घरे बांधाल, कुणी धक्के, कुणी होड्या. तेव्हा आमच्यासारख्या चाकांसाठी थोडी जागा आणि एक उतरती फळी ठेवा. ते जमेपर्यंत एवढे तरी करा. तुमच्या घरात कुणाला कुणाची भेट घ्यायची राहिली असेल, तर त्याला पुढच्या वर्षाचे नाव सांगू नका. त्याचे पाय चालताहेत तोवर न्या. पाय गेले असतील, तर आम्ही आहोत. पण माणसाच्या मनातले जाणेच संपले, तर आमचा काही उपयोग नसतो.

माई वर तिच्या खोलीत आहे. लिफ्ट चालू आहे. माझ्या बॅटऱ्या भरलेल्या आहेत, चाकांत हवा आहे, बाहेर रस्ता मोकळा आहे. आणि तिला कुठेही जायचे नाही.